गुऱ्हाळाचं चिपाड गुऱ्हाळालाच पुरवायचं आहे, सुरुवात कुठून करू?

भोगावतीकाठ

नमस्कार मंडळी. करवीर तालुक्यात आमचं गुऱ्हाळ आहे. आजोबांनी घातलं, आबांनी चालवलं, आता तीन हंगाम झाले मी बघतोय. एक काहील (रस उकळायची मोठी कढई), एक चुलवाण (तिच्याखालची भट्टी), तीन लाटांचा घाणा विजेच्या मोटारीवर. दिवसाला पाच आदणं होतात (एक आदण म्हणजे काहिलीत एका वेळी शिजणारा रस), आदणाला टनभर ऊस.

बाहेरच्या लोकांना वाटतं की गुऱ्हाळाला जळण विकत घ्यावं लागत नाही. ऊस गाळला की चिपाड आपोआप मिळतं, ते वाळवायचं आणि चुलवाणात घालायचं. आजोबांच्या काळात तसंच होतं म्हणे, हंगाम संपल्यावर चिपाडाची गंज उरायची. आमच्याकडे मात्र हंगामाच्या सुरुवातीपासूनच चिपाड कमी पडायला लागतं. मग दिवसाला चार-साडेचार क्विंटल लाकूड. आणि गेल्या हंगामात अवकाळी पावसानं गंज भिजली तेव्हा लाकूडही मिळेना, म्हणून टायर जाळले. टायरचे तुकडे विकणारे टेम्पो दारात येतात, त्यांना बोलवावं लागत नाही.

हे लिहिताना मला बरं वाटत नाहीये, पण लपवून सल्ला मागण्यात अर्थ नाही. त्या दिवसांत आईनं अंगणात वाळत घातलेल्या आबांच्या पांढऱ्या सदऱ्यावर काळे ठिपके पडायचे. झटकून जात नव्हते. बोटानं पुसायला गेलं की तेलकट फराटा उठायचा. आई काही बोलली नाही, सदरा परत पाण्यात घातला. आमची काहील त्याच धुराड्यापासून पंधरा फुटांवर उघडी असते.

नंतर चुलवाणाची राख नेहमीप्रमाणे रानात टाकली. टायरच्या आतली पोलादी तार राखेत तशीच राहते हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मे महिन्यात बैल लंगडायला लागला. खूर उचलून बघितला तर दोन बोटं लांबीची तार आत गेलेली.

या हंगामात टायर नाही, हे ठरलंय. लाकूडही कमी करायचं आहे, कारण ते कुणाच्या तरी बांधावरच्या बाभळी नि आंबे तोडूनच येतं. आबांचा प्रश्न एकच आहे: "मग जाळणार काय?" त्याचं उत्तर मला हवं आहे. सोलर, बायोगॅस, वेगळं पॅकिंग असे सल्ले खूप मिळाले, पण आधी काय करावं ते कळत नाही.

रानवाट

तुम्ही मोकळेपणानं लिहिलंत हे बरं केलंत. एक विचारतो, आदणाला चिपाड किती जळतं ते कधी वजन करून बघितलंय का? ओलं किती निघतं, वाळून किती उरतं, चुलवाणात किती जातं? बहुतेक गुऱ्हाळांवर गूळ ग्रॅमनं मोजतात आणि जळण पाटीनं. आधी आठ दिवस काटा लावा.

भोगावतीकाठ

नाही लावला कधी. गुळाचा काटा आहेच, उद्यापासून लावतो.

चुलवाण्याचा लेक

दादा, माझे वडील सव्वीस हंगाम चुलवाणाच्या तोंडाशी बसले. आमच्या घरातली भाकरी त्याच जाळावर झाली म्हणून लिहितो.

चिपाड किती लागतं हे निम्मं चुलवाणावर आणि निम्मं जाळ घालणाऱ्याच्या हातावर असतं. वडील मुठी-मुठीनं, सारखं आणि पसरून घालायचे. धुराड्याकडं बघत राहायचे. धूर काळा झाला की हात थांबायचा, अगदीच दिसेनासा झाला की पुन्हा घालायचे. आता माणसं मिळत नाहीत, एकाच माणसावर चुलवाण आणि चिपाड वाहणं दोन्ही असतं. मग तो काय करणार? एकदम पाटीभर कोंबतो आणि दुसऱ्या कामाला जातो. कोंबलेलं चिपाड आधी धूर धरतं, मग भडकतं, मग विझत येतं. गूळ तरी एकसारखा कसा शिजेल?

चुलवाणाचं गणित मांडताना त्या माणसालाही धरा, एवढंच मागणं आहे. वडिलांचे डोळे शेवटची दहा वर्षं लालच असायचे. टायरच्या धुरात तो माणूस तुमच्या आईच्या धुण्यापेक्षा जवळ असतो.

भोगावतीकाठ

तुमचं म्हणणं लागलं आणि पटलंही. आमच्याकडे जाळ घालणारे मामा साठीचे आहेत. चिपाड वाहायचं कामही त्यांच्याकडेच आहे. हे बदलतो.

आठ दिवसांची वजनं खाली देतोय, सरासरी, एका आदणाची. ऊस १००० किलो. रस ६१० किलो. ओलं चिपाड ३९० किलो, तीन-चार दिवस उन्हात वाळल्यावर २१५ किलो. गूळ ११३ किलो. चुलवाणात गेलेलं जळण, चिपाड आणि लाकूड मिळून, ३०० किलोच्या आसपास. म्हणजे प्रत्येक आदणाला ८५ किलोची खोट.

उष्णतामापी

मी बॉयलरच्या कामात आहे, पुण्यात. तुमची वजनं बघून कागद-पेन घेऊन बसलो.

६१० किलो रसातून ११३ किलो गूळ आणि थोडी मळी (उकळताना रसावर येणारी घाण) वजा केली तर साधारण ४८० किलो पाणी उडवावं लागतं. पाण्याची वाफ करायला किलोमागे २२५७ किलोज्यूल लागतात, शिवाय रस आधी उकळीपर्यंत न्यायचा. सगळं धरून एका आदणाची खरी गरज साधारण १२७० मेगाज्यूल. चांगलं वाळलेलं चिपाड किलोला १५ मेगाज्यूलच्या आसपास देतं. तुम्ही ३०० किलो जाळता, म्हणजे ४५०० मेगाज्यूल. पैकी रसाला २८ टक्के पोचतात. बाकीची उष्णता धुराड्यातून, भिंतीतून आणि चुलवाणाच्या तोंडातून निघून जाते.

आता आबांच्या प्रश्नाचं उत्तर. तुमचं स्वतःचं २१५ किलो चिपाड म्हणजे ३२०० मेगाज्यूल. गरज १२७०. चुलवाणानं १०० पैकी ४० रसापर्यंत पोचवले की तुमच्याच चिपाडात तुमचं आदण निघतं. २८ चे ४० करणं ही अशक्य गोष्ट नाही. सोलर-बायोगॅस नंतर बघू. तुमचा कारखाना स्वतःचं जळण स्वतः पिकवतो, अशी सोय फार थोड्या धंद्यांना असते.

कुठं गळतंय ते शोधायला एक थर्मोकपल (जास्त तापमान मोजायचं साधन) घ्या आणि धुराड्याच्या बुडाशी तापमान मोजा. मी पाहिलेल्या एका गुऱ्हाळात तिथं साडेपाचशे अंश होतं. एवढी उष्णता आभाळाला देऊन उपयोग नाही, तिथं दुसरी काहील बसते. ताजा रस नुसता उकळीला आणायलाच एकूण गरजेचा सातवा हिस्सा लागतो, तो धुरातून फुकट निघू शकतो.

दुसरं, हवा. चुलवाणाच्या भेगा लिंपा, बुडाला लोखंडी जाळी बसवा म्हणजे राख खाली पडेल आणि हवा खालून येईल, आणि धुराड्याच्या वाटेवर एक सरकती झडप ठेवा. गरजेपेक्षा जास्त हवा आत आली की ती तापून धुराड्यातून जाते. कमी आली की काळा धूर. चुलवाण्याच्या लेकानं वडिलांचं जे सांगितलं, धुराकडं बघून हात चालवणं, ते अगदी शास्त्रशुद्ध आहे.

रानवाट

उष्णतामापींच्या गणितात मी रानातली एक गोष्ट घालतो. मी शेतीखात्यात होतो, ऊस बघण्यातच नोकरी गेली.

पाणी काहिलीत उडवायच्या आधी उसात कमी करा. रसाचा ब्रिक्स (रसात शेकडा किती साखर नि इतर घन विरघळलंय तो आकडा) १८ असेल तर १०० किलो गुळामागं साधारण ४२८ किलो पाणी उडवावं लागतं. ब्रिक्स २१ असेल तर ३५२. म्हणजे चुलवाणाला हात न लावता जवळजवळ १८ टक्के जळण वाचलं. त्यासाठी ऊस पक्व झाल्यावरच तोडायचा, तोडणीआधी पाणी तोडायचं, शेंड्याकडची कोवळी कांडी घाण्यात घालायची नाहीत, आणि तोडलेला ऊस दुसऱ्या दिवसाच्या आत गाळायचा. ऊस पडून राहिला की त्यातली साखर फुटते, मग गूळ चिकट होतो आणि घट्ट बसत नाही. ब्रिक्स मोजायला हातात धरायचा रिफ्रॅक्टोमीटर घ्या, एक थेंब रस टाकून उजेडाकडं बघायचं. फार महाग नसतो.

कोल्हापुरात प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्र आहे, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं. तुमच्यापासून तासाभराच्या वाटेवर. को ९२००५ हा वाण गुळासाठी चांगला आहे. को ८६०३२ तर सगळीकडंच आहे, त्याचाही गूळ होतो. तिथं जाऊन बोला. लखनौच्या भारतीय ऊस संशोधन संस्थेनं काहिलीच्या बुडाला पंखासारख्या पट्ट्या जोडून जळण वाचवायचं काम केलंय, त्याबद्दलही विचारा.

कृष्णाकाठी

कराडजवळ आमचं गुऱ्हाळ आहे आणि आम्ही हे करून बसलोय, म्हणून सावध करायला आलो.

दुसरी काहील बसवा, नक्की बसवा, पण आमच्यासारखी चूक करू नका. आम्ही धुराच्या वाटेवर मोठी काहील बसवली आणि घाण्यातून येईल तो रस तिच्यात ओतत गेलो. पहिल्या काहिलीतलं आदण उतरेपर्यंत तो रस दीड-दोन तास नुसता कोमट राहायचा. उसाच्या रसाला सगळ्यात वाईट काय, तर कोमट अवस्था. आंबट वास सुटला. गुळव्या (गूळ शिजवणारा कारागीर) म्हणाला रस गेला. गूळ केला तर वाफ्यात (शिजलेला गूळ निवायला ओततात तिथं) ओतल्यावर संध्याकाळपर्यंत बसेना, बोट लावलं की तार निघायची. ते पहिलं वर्ष तोट्यात गेलं आणि घरातले सगळे म्हणायला लागले की जुनंच बरं होतं.

नंतर शहाणपण आलं. दुसरी काहील एका आदणाला पुरेल एवढीच ठेवली. घाणा उशिरा सुरू करायचा, म्हणजे रस साठून राहत नाही. दुसरी काहील पहिल्यापेक्षा हातभर उंच बांधली आणि मधे नळ ठेवला, रस आपोआप उतरतो, बादल्यांनी उपसावा लागत नाही. भेंडीचं पाणी तिथंच घालतो, मळी तिथंच वर येते आणि तिथंच काढतो. पहिल्या काहिलीत रस उतरतो तोच जवळजवळ उकळलेला. आदणाचा वेळ तासाच्या आसपास कमी झाला, आणि सगळ्यात मोठं म्हणजे गुळव्या खूश आहे. गुळव्या नाखूश असेल तर कितीही चांगलं चुलवाण बांधा, चार दिवसांत ते मोडीत निघतं.

बांधणाऱ्या गवंड्याला दुसऱ्या एखाद्या चालू गुऱ्हाळावर घेऊन जा. नुसत्या कागदावरच्या आकृतीवर काम देऊ नका.

आडतपेठ

मी व्यापाराच्या बाजूनं लिहितो. आमची आडत तीन पिढ्यांची. १८९५ साली शाहू महाराजांनी शाहूपुरीची पेठ वसवली ती गुळाच्या व्यापारासाठी. आजही दिवाळीच्या पाडव्याला सौदे (गुळाचे लिलाव) निघतात तेव्हा रव्याचा, म्हणजे गुळाच्या ढेपेचा, रंग बघूनच बोली चढते. कोल्हापूरचा गूळ मोठ्या प्रमाणात गुजरातला जातो, तिथं पिवळा-सोनेरी रंग लागतो. चुलवाण सुधारलं तर जळणाचा खर्च वाचेल, तो फायदा तुमच्या हातात आहे. पण कुणी सांगितलं की टायर बंद केलात, हायड्रोस पावडर (गुळाचा रंग उजळायचं रसायन) बंद केलीत की सौद्यात आपोआप दर जास्त मिळेल, तर त्यावर लगेच विश्वास ठेवू नका. सौद्यात रव्याकडं बघून चुलवाणात काय जळलं ते कळत नाही.

हे मला चांगलं वाटतं म्हणून सांगत नाही. माझ्या डोळ्यासमोर दोन चांगली गुऱ्हाळं एका हंगामात सगळा गूळ तपकिरी करून बसली आणि माल पडून राहिला. आधी थोडा माल वेगळा काढा, त्याचं गिऱ्हाईक बांधा, मग वाढवा.

मिरजवाली

आडतपेठ काका म्हणतात ते खरं आहे, पण मी दुसऱ्या बाजूची आहे. आमचा गूळपोळी आणि शेंगदाणा लाडवांचा घरगुती धंदा. संक्रांतीच्या आधीच्या दीड महिन्यात साताठशे किलो गूळ लागतो. मला पिवळा गूळ नकोच असतो. हायड्रोस जास्त मारलेल्या गुळाच्या पोळीला तव्यावर गंधकासारखा वास येतो. अन्नसुरक्षेच्या नियमात गुळातल्या सल्फर डायऑक्साइडला ७० पीपीएमची (दहा लाख भागांत ७०) मर्यादा आहे, पण मी काही दर वेळी प्रयोगशाळेत जाऊ शकत नाही. मला गुऱ्हाळावर जाऊन बघता येईल असा माणूस हवा आहे.

फक्त एक अडचण आधीच सांगते. तपकिरी, बिनरसायनी गूळ म्हणून मी एकदा वर्षाचा साठा घेतला होता. आषाढात डब्याच्या तळाशी पाक झाला. गूळ हवेतलं पाणी ओढतोच, त्यात तो कच्चा उतरवलेला असेल तर पावसाळ्यात टिकत नाही. आमचा पातळ झालेला गूळ फेकला गेला, म्हणजे त्यासाठी पिकलेला ऊस, उडवलेलं पाणी, जळलेलं चिपाड सगळं वाया. तेव्हा चांगला शिजवलेला, कडक रवा द्या. एक किलोचे रवे करा. आणि चुलवाण बघायला बोलवा, मी माझ्या ओळखीच्या चौघींना घेऊन येते.

ओढ्याकाठची

धुराबद्दल सगळे बोलताहेत, मी पाण्याबद्दल बोलते.

आमचं रान एका गुऱ्हाळाच्या खालच्या अंगाला आहे. हंगामात काहिली धुतलेलं पाणी, घाण्याखालचं सांडलेलं, मळीचं, सगळं ओढ्यात येतं. लोक म्हणतात गोड पाणीच आहे, त्यात विष काय आहे. पण ते गोड असतं म्हणूनच घात करतं. साखरेवर जंतू वाढतात आणि पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतात. पौष-माघात ओढ्याची धार बारीक असते, वाहून जायला पाणी नसतं. आमच्या डबक्यातले मासे आणि झिंगे उलटे पडलेले मी सकाळी बघितलेत. गुरं तोंड लावत नाहीत. माझी सासू त्या ओढ्यात पोहायला शिकली, माझ्या मुलीनं त्यात पाय घातलेला नाही.

गुऱ्हाळवाले वाईट नाहीत, आमच्या भावकीतलेच आहेत. मागच्या वर्षी मी स्वतः जाऊन बसले त्यांच्याकडं. आता ते मळी आणि धुवण पाचटाच्या (उसाच्या वाळल्या पाल्याच्या) ढिगावर टाकतात. पाचट एरवी कुजायला वेळ लावतं, गोड पाण्यानं आणि शेणकाल्यानं लवकर कुजतं. ढिगाच्या कडेनं चर आहे, गळालेलं पाणी परत ढिगावर टाकतात. तुमच्याकडं आत्ताच एक चर काढा, फार मोठं काम नाही.

भोगावतीकाठ

ताई, आमचं धुवणही ओढ्यालाच जातं. मी पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं नाही कारण मला तो प्रश्न वाटतच नव्हता. खाली कुणाचं रान आहे ते मला माहीत आहे, त्यांच्याशी बोलून येतो.

दोन महिने इथं येणार नाही, काम आहे. हंगामाच्या शेवटी काय झालं ते लिहीन.

नवीमुंबईकर

गुळातलं मला काही कळत नाही, पण सगळा धागा वाचून काढला. आमच्या छोट्या कारखान्यात 'पर्यावरण' म्हटलं की पहिली चर्चा होते पिशवी कागदी करायची की कापडी. या धाग्यात दहा-अकरा प्रतिसाद आले आणि पॅकिंगचा विषय कुणी काढलाच नाही, हे बघून विचारात पडलो. आमच्याकडेही आता आधी विजेचं बिल आणि भट्टीचं बघणार आहे.

बाय द वे, पाण्याची वाफ करण्याऐवजी काही दुसरा मार्ग नाही का?

उष्णतामापी

आहे. आयआयटी मुंबईत उसाचा रस गोठवून त्यातलं पाणी बर्फाच्या रूपात काढून टाकायच्या पद्धतीवर काम झालेलं आहे. पाण्याचा बर्फ करताना जेवढी उष्णता काढावी लागते ती वाफेसाठी लागणाऱ्या उष्णतेच्या साधारण सातव्या हिश्श्याइतकीच असते. रस आधी असा घट्ट केला आणि मग काहिलीत घातला तर चिपाड बरंच उरेल. पण त्याला यंत्र, वीज आणि देखभाल लागते. एका काहिलीच्या गुऱ्हाळानं आज त्याच्या मागं लागू नये असं मला वाटतं. भेग लिंपायला शेण-माती लागते, ती आज आहे.

भोगावतीकाठ

कबूल केल्याप्रमाणे लिहायला आलो. शिमगा झाला, परवा शेवटचं आदण उतरलं. जे झालं ते सगळं लिहितो, न जमलेलंही.

टायर एकही जाळला नाही. टेम्पोवाला दोनदा आला, आबांनीच परत पाठवला.

सगळ्यात आधी चिपाडावर छप्पर केलं. जुने पत्रे, बांबू, बाजूला ताडपत्री. हे सगळ्यात स्वस्त काम निघालं आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचं. डिसेंबरात दोन दिवस पाऊस पडला तेव्हा शेजारच्या दोन गुऱ्हाळांचे जाळ बंद होते, आमचा चालू होता. ओलं चिपाड किलोला कोरड्याच्या निम्मीच उष्णता देतं हे उष्णतामापी सरांनी मला फोनवर सांगितलं होतं, ते त्या दोन दिवसांत डोळ्यांनी बघितलं.

मग चुलवाण. कृष्णाकाठी दादांनी त्यांच्याकडं बोलावलं, आमच्या गवंड्याला आणि मामांना घेऊन गेलो. गवंडी निम्मं काम तिथं बघूनच शिकला. मामा मात्र तिथल्या जाळ घालणाऱ्याशेजारी बसून राहिले, तासभर. येताना गाडीत म्हणाले, "तेंच्या चुलवाणाचं तोंड बारीक हाय. आपलं वाघाच्या जबड्यागत." आल्यावर तोंड बारीक केलं. आता एकदम पाटीभर कोंबताच येत नाही, मुठीनंच घालावं लागतं. जाळी बसवली, झडप बसवली, दुसरी काहील हातभर उंचावर बसवली. जुन्या बाजारातली काहील आणि गवंड्याची मजुरी धरून सव्वा लाखाच्या आत बसलं.

चिपाड वाहायला वेगळा माणूस लावला. त्याचा पगार वाचलेल्या लाकडातून निघतो आणि वर थोडं उरतं. मामा आता तोंडापासून हलत नाहीत.

ऊस तोडायच्या आधी पाणी तोडलं, पण ते आपल्या रानात जमलं. बाहेरून गाळायला येणाऱ्यांना सांगून ऐकत नाहीत, त्यांना वजन हवं असतं. त्यांचा रस ब्रिक्सला १७-१८ आणि आमचा २०-२१. आता रिफ्रॅक्टोमीटर घाण्यापाशी टांगून ठेवलाय, ज्याचा रस त्यानंच बघायचा. दोघांनी पुढच्या वर्षी पाणी तोडतो म्हणून सांगितलं.

आता वजनं. पहिल्यांदा आदणाला ३०० किलो जळण लागत होतं. शेवटच्या पंधरा दिवसांची सरासरी २२५. चिपाड २१५. म्हणजे अजून दहा किलोची खोट आहे, दिवसाला अर्धा क्विंटल. ती तुरकाट्या आणि नारळाच्या झावळ्यांवर भागवली. लाकूड नोव्हेंबरात चुलवाण बांधून होईपर्यंत जाळलं, त्यानंतर घेतलं नाही.

बिघडलं तेही सांगतो. कृष्णाकाठी दादांनी एवढं बजावूनही आमची तीन आदणं गेली. एका दुपारी वीज गेली, घाणा थांबला, दुसऱ्या काहिलीत अर्धाच रस आणि तो कोमट. गुळव्यानं त्याची काकवी करून घेतली, नाहीतर पूर्ण तोटा होता. आता वीज गेली की दुसऱ्या काहिलीतला रस लगेच पहिलीत घ्यायचा असं ठरलंय.

गुळाचं म्हणाल तर आडतपेठ काकांचं ऐकलं. तीन हिस्से माल नेहमीसारखा सौद्याला, रंगावर दर मिळाला, जास्त नाही. एक हिस्सा हायड्रोसशिवाय, एक किलोचे रवे. त्यातला बराचसा मिरजवाली ताई आणि त्यांच्या मैत्रिणींनी नेला. ताई स्वतः चुलवाणापाशी उभ्या राहून गेल्या. राहिलेला अजून घरात आहे, शंभरेक रवे. तो पावसाळ्यात कसा टिकतो ते बघायचं म्हणून मुद्दाम ठेवलाय, दर महिन्याला एक फोडून बघणार.

चर काढला. धुवण आता पाचटावर जातं. ओढ्याखालच्या रानवाल्यांना दाखवायला नेलं, ते म्हणाले दोन वर्षं बघू मग बोलू. बरोबर आहे त्यांचं.

चुलवाण्याचा लेक

मामांचे डोळे कसे आहेत?

भोगावतीकाठ

तपासून आणले जानेवारीत. एका डोळ्यात मोतीबिंदू निघाला, हंगाम संपल्यावर ऑपरेशन करायचं म्हणाले होते, येत्या सोमवारी आहे. धुराचं विचाराल तर त्यांनीच सांगितलं की यंदा संध्याकाळी डोळ्यांवर ओलं फडकं ठेवून झोपावं लागलं नाही.

रानवाट

दहा किलोची खोट राहिलीय ती पट्टीच्या काहिलीनं भरून निघते का बघा. केंद्रावर गेला होता का?

भोगावतीकाठ

गेलो होतो, पण हंगामात काहील बदलणं शक्य नव्हतं. आता काहिली उतरवल्यात, बुडाची काजळी खरवडायचं चाललंय. लोहाराला बोलावलंय. दोन्ही काहिलींना एकदम पट्ट्या लावायच्या नाहीत, आधी दुसरीला लावतो आणि दिवाळीच्या पाडव्यानंतर पुन्हा आठ दिवस वजनं घेतो. इथंच टाकीन.